गीझर भिंतीवरून उतरवू नका, सिलिंडर तेवढा काढा

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही पुण्यात दोन वर्षांपासून भाड्यानं राहतो. बाथरूममध्ये मालकांनी बसवून दिलेला गॅस गीझर आहे, सिलिंडर ड्राय बाल्कनीत. मागच्या शनिवारी सकाळी बायको नऊ वर्षांच्या मुलीला न्हाऊ घालत होती. मुलगी अचानक कोसळली, हातपाय ताठ झाले. बायकोनं कडी काढली आणि तीही दारातच बसली, उलट्या सुरू झाल्या. हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन दिला, रक्त घेतलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर ‘चक्कर, फिट?’ एवढंच आहे. तिथल्या एका डॉक्टरांनी मात्र तोंडी सांगितलं, ‘गीझरच्या गॅसचा प्रकार वाटतो.’

मालक म्हणतात, ‘उद्या माणूस पाठवतो, गीझर काढून टाकू, इलेक्ट्रिकचा बसवू, पण पोलिसांत वगैरे जाऊ नका.’ सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, हा तुमचा आतला मामला. प्लंबर म्हणतो, गीझर उत्तम आहे, खिडकी तुम्हीच बंद केली होती. ते खरं आहे. थंडी वाजते म्हणून डिसेंबरात मीच लूव्हरच्या काचांवर थर्माकोल चिकटवला होता. याच प्लंबरनं आमच्या विंगमध्ये आणखी पाच-सहा घरांत असेच गीझर बसवलेत. तक्रार करावी का? कुठे? आणि दोष माझाच असेल तर करण्यात अर्थ आहे का?

— एक वाचक, पुणे

आमचं उत्तर

तुमचं पत्र वाचताना सगळ्यात आधी डोळ्यांत भरलं ते मालकांचं ‘उद्या’. म्हणून कायद्याकडे नंतर वळू. आज दोन कामं करा.

पहिलं काम हॉस्पिटलच्या लॅबचं. शनिवारी दोघींचं रक्त घेतलं तेव्हा सीबीसीसाठी जांभळ्या बुचाची ईडीटीए नळी भरली असणार. बऱ्याच लॅब असे नमुने काही दिवस फ्रिजमध्ये ठेवतात आणि मग टाकून देतात. डॉक्टरांना शंका आहे तो वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, गॅस अर्धवट जळला की होणारा विषारी वायू. बुच घट्ट असलेल्या थंड नळीत तो रक्तातून सहजासहजी निघून जात नाही. त्यामुळे नळी शिल्लक असेल तर तिच्यावर ‘कार्बॉक्सिहिमोग्लोबिन’ (या वायूनं अडवलेलं हिमोग्लोबिन किती) ही तपासणी अजून होऊ शकते. लॅबच्या खिडकीवर तोंडी विचारू नका, डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी न्या. आज नव्यानं रक्त देऊन मात्र काही कळणार नाही. साध्या हवेत श्वास घेणाऱ्या माणसाच्या रक्तातलं हे प्रमाण चार-पाच तासांत निम्मं होतं, मास्कनं ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासातच. रक्तातला पुरावा त्याच संध्याकाळी जवळजवळ संपला होता.

दुसरं काम मालकांना मेसेज, फोन नको: ‘गीझर सध्या काढू नये. सिलिंडर बंद करून वेगळा ठेवला आहे, गीझर आम्ही वापरत नाही. तपासणी आणि पंचनाम्यापर्यंत गीझर, पाइप व खिडकी आहे तशीच ठेवत आहोत. कृपया कुणाला दुरुस्तीसाठी पाठवू नये.’ यात भांडण नाही, आरोप नाही, आणि वेळेची नोंद आपोआप होते. पाठवलेला माणूस आलाच तर त्याला दारातूनच परत पाठवा. गीझर एकदा भंगारात गेला की तो कुठे, कसा बसवला होता हे सांगायला फक्त चार स्क्रूची भोकं उरतात.

सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा. ‘एकदा पेटवून बघू, ज्योत कशी येते’ हा मोह कुणालाही होऊ देऊ नका, प्लंबरला तर मुळीच नाही.

मग फोटो. आधी दारातून सगळी बाथरूम एका चौकटीत, मग जवळून: गीझरची जागा, वरच्या जाळीवरची काजळी, जळका वायू बाहेर नेणारी नळी आहे की नाही, असेल तर ती कुठे उघडते. थर्माकोलसकट खिडकी. एक्झॉस्ट फॅन. दाराखालची फट, शेजारी पट्टी धरून. सिलिंडर, रेग्युलेटर आणि रबरी नळीवरची छापील तारीख. गीझरच्या बाजूचं लेबल नीट वाचता येईल असं टिपा. त्यावर मॉडेल, अनुक्रमांक, कुठल्या गॅससाठी आहे ते आणि आयएसआय खूण असते. एलपीजी गीझरसाठीचं मानक आय. एस. १५५५८ आहे आणि खुणेखालचा ‘सीएम/एल’नं सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. हे ॲप मोफत आहे आणि खोटी खूण असेल तर तिथेच तक्रार करता येते.

आता हे झालं कसं, ते समजून घ्या. जबाबदारीचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. चार बाय सात फुटांची, नऊ फूट उंच बाथरूम म्हणजे जेमतेम सात घनमीटर. म्हणजे अर्ध्या तासात खोलीतली सगळी हवा बर्नरमधून जाते. पण ज्योत बिघडायला सगळा ऑक्सिजन संपावा लागत नाही. तो २१ टक्क्यांवरून १८ च्या आसपास आला की जळण अर्धवट होऊ लागतं आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्यानं वाढतो. खोली पुरती बंद असेल तर कागदावर याला पाचेक मिनिटं पुरतात. दाराखालच्या फटीमुळे प्रत्यक्षात जास्त वेळ मिळतो, पण एक बादली भरून मुलीचं डोकं धुऊन होईपर्यंत तो संपलेला असतो. या वायूला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. एलपीजीला मुद्दाम घातलेला वासही जळल्यावर राहत नाही. त्यामुळे ‘गॅसचा वास आला नाही’ असं कुणी म्हटलं आणि ते खरं असलं तरी त्यातून काही सिद्ध होत नाही.

त्यात बर्नरमध्ये धूळ किंवा कोळ्याचं जाळं, पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर काजळी, किंवा चुकीचा जेट (बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड) यांपैकी काही असेल तर खिडकी उघडी असूनही घात होतो. जेटचं प्रकरण पुण्या-मुंबईत वाढलंय, कारण घरोघरी पाइपचा गॅस येतोय. नैसर्गिक गॅससाठीच्या जेटचं भोक मोठं असतं. तो गीझर सिलिंडरवर लावला तर गरजेपेक्षा जास्त गॅस येतो आणि ज्योत पिवळी, लांब, काजळी धरणारी होते. एक्झॉस्ट फॅनवरही विसंबू नका. हवा आत यायला वाट नसेल तर फॅन खोलीत ओढ निर्माण करतो आणि नळीतून बाहेर जाणारा जळका वायू उलटा आत येतो.

वैद्यकीय बाजूकडे दुर्लक्ष करू नका, घरी आल्या म्हणजे संपलं असं नाही. या विषबाधेत काही जणांना दोन दिवसांपासून ते पाच-सहा आठवड्यांपर्यंत कधीही उशिराची लक्षणं दिसतात: विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं. मुलीच्या बाबतीत अक्षर बदललं का, गृहपाठाला नेहमीपेक्षा वेळ लागतो का, हे वर्गशिक्षकांनाही पाहायला सांगा. मेंदूविकारतज्ज्ञांना दोघींना दाखवा आणि पहिल्याच वाक्यात गॅस गीझर सांगा. ‘अंघोळ करताना फिट आली’ एवढंच सांगितलं तर गरम पाण्यानं येणाऱ्या अपस्माराची शंका येऊन मुलीला उगाच वर्षानुवर्षं गोळ्या सुरू होऊ शकतात. बायकोला दिवस गेलेले असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आजच जा, कारण पोटातल्या बाळाला हा वायू आईपेक्षा जास्त बाधतो. दोघींचा ईसीजी झाला नसेल तर तोही करून घ्या.

‘ऑक्सिजन ९८ होता, मग विषबाधा कसली?’ असं कुणीतरी तुम्हाला म्हणेलच. बोटाला लावायचं साधं यंत्र कार्बन मोनॉक्साइडनं भरलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनवालं समजतं, म्हणून आकडा छान दिसतो. उलट, जुन्या नमुन्यात प्रमाण कमी आलं तरी हिरमुसू नका. बाथरूममध्ये ३० टक्के असलेलं प्रमाण अडीच तास ऑक्सिजन दिल्यावर सात-आठवर उतरतं. सिगारेट न ओढणाऱ्या माणसात ते तीनच्या खाली असायला हवं. म्हणून रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ आणि त्याआधी किती वेळ ऑक्सिजन चालू होता, या दोन गोष्टी लिहिलेल्या हव्यात. त्या नसतील तर आकडा तुमच्या विरोधातही वापरला जातो.

आता नोंदींचं. सुरुवात हॉस्पिटलपासून, पोलिसांपासून नव्हे. विषबाधेची शंका आली की डॉक्टरांनी एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करून पोलिसांना कळवायचं असतं. तुमच्या वेळी ती राहून गेली. उशिरा करता येते, उशिराचं कारण लिहावं लागतं एवढंच. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावानं अर्ज द्या: घटना काय, गीझर कुठे, दोघींना एकाच वेळी त्रास, बाहेर काढून ऑक्सिजन दिल्यावर सुधारणा. ही माहिती केसपेपरात घेऊन एमएलसी करावी अशी विनंती करा. त्याच अर्जात सगळ्या कागदांच्या प्रती मागा. मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. एमएलसी झाली की मेडिक्लेम अडतो हा समज सोडा. अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीच बरेचदा तिची प्रत मागते.

मग पोलीस ठाणं. तोंडी सांगून येऊ नका, लेखी अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर तारीख-शिक्क्याची पोच घ्या. अर्ज एका पानाचा पुरे. ‘दि. अमुक रोजी सकाळी अमुक वाजता, हवा खेळती नसलेल्या बाथरूममध्ये बसवलेला एलपीजी गीझर चालू असताना माझी पत्नी व मुलगी बेशुद्धावस्थेकडे गेल्या. गीझर घरमालकांनी बसवून दिला होता. गीझर व खोली जशीच्या तशी आहे. पंचनामा होऊन गीझर ताब्यात घेण्यात यावा व तांत्रिक तपासणी व्हावी.’ कुणाला शिक्षा व्हावी हे अर्जात मागत बसू नका, पंचनामा मागा. निष्काळजी कृत्यानं इजा होणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये येतं. साध्या इजेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, गंभीर इजेला तीन वर्षांपर्यंत. अर्ज घेतलाच नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) खाली तोच मजकूर टपालानं वरिष्ठांकडे पाठवता येतो, म्हणजे पुण्यात पोलीस आयुक्तालयात. तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

(असं हे पत्र वाचणाऱ्या कुणाच्या घरी मृत्यू झाला असेल तर: ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद आणि शवविच्छेदन टाळू नका, रक्तातल्या कार्बॉक्सिहिमोग्लोबिनची तपासणी स्पष्ट शब्दांत मागा. तिथे कलम १०६ लागू शकतं, पाच वर्षांपर्यंत कैद. अंत्यसंस्कारानंतर हा पुरावा परत मिळत नाही.)

गॅस वितरकालाही लेखी कळवा, पण आशा बेतानं ठेवा. तेल कंपन्यांच्या विम्याचे आकडे लोकांना पाठ असतात: मृत्यूसाठी सहा लाख, उपचारांसाठी माणशी दोन लाखांपर्यंत. पण त्या पॉलिसीची भाषा एलपीजीमुळे लागलेल्या आगीभोवती बांधलेली आहे. आग न लागता धुराविना झालेल्या विषबाधेचा दावा नाकारला जाण्याची शक्यता मोठी. वर तुमच्या घरचं कनेक्शन कुणाच्या नावावर आहे, ते या पत्त्यावर नोंदलेलं आहे का, हा वेगळा प्रश्न निघेल. तो कागद मालकांकडून मागून ठेवा.

आता मूळ प्रश्न: जबाबदार कोण? याची किल्ली एका कागदात आहे, गीझरच्या माहितीपुस्तिकेत. घरात नसेल तर मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते. गॅस गीझरच्या पुस्तिकेत सहसा स्वच्छ लिहिलेलं असतं की हा बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी बसवा. तुमच्या पुस्तिकेत ते वाक्य असेल तर कंपनी हात वर करेल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ८७ वस्तूचा गैरवापर झाला असेल तर बचाव देतं. पण त्याच वाक्यामुळे प्लंबर आणि मालक अडकतात, कारण पुस्तिका ‘नको’ म्हणत असताना जागा त्यांनी ठरवली. वाक्य नसेल किंवा इशारा अपुरा असेल तर कलम ८४ प्रमाणे जबाबदारी उत्पादकाकडे सरकते. दोन्हीकडून वाट आहे, फक्त पुस्तिका आधी वाचा आणि मग नोटीस कुणाला ते ठरवा.

गीझरची पावती मालकांच्या नावावर आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरणाराही कायद्यानं ग्राहकच. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या किमतीच्या व्यवहाराला फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. मालकांविरुद्धचा दावा मात्र ग्राहक आयोगात सहसा टिकत नाही, नुसतं घर भाड्यानं देणं ही तिथे ‘सेवा’ धरली जात नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालय. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर १५१०० वर फोन करा. स्त्रिया आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. दावा बायको आणि मुलीच्या नावानं करायचा आहे, हे लक्षात ठेवा.

लीव्ह अँड लायसन्स करार काढून शेवटची यादी बघा: पंखे इतके, ट्यूबलाइट इतक्या, गीझर एक. गीझर त्या यादीत असेल तर तो मालकांचा, सुस्थितीत देण्याची जबाबदारी त्यांची, यावर वाद उरत नाही. करार नोंदवलेलाच नसेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ तुमच्या बाजूनं झुकतं. करार नोंदवणं मालकाचं काम, आणि तो नसल्यास अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत.

आणि तुमचा थर्माकोल. तो काढू नका, लपवू नका, फोटोत येऊ द्या आणि अर्जात स्वतःच लिहा: ‘थंडीमुळे खिडकी मी बंद केली होती. बंद खिडकीत गीझर चालवणं जिवावर बेतू शकतं, असं मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. गीझरवर तसा इशारा मराठीत लावलेला नव्हता.’ शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा, लेबल वाचून. नंतर समोरच्या वकिलानं थर्माकोल बाहेर काढला तर तुमचं बाकीचं खरं बोलणंही संशयात जातं. तुमचा वाटा धरला तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते, दावा बुडत नाही. आमचं मत विचाराल तर, थंडीत माणूस बाथरूमची खिडकी बंद करणारच. ज्या यंत्राचा भरवसा खिडकी उघडी राहण्यावर आहे ते तिथे लावणाऱ्यानं हे आधी धरायला हवं होतं.

  

पंचनाम्यानंतर मालक इलेक्ट्रिक गीझर बसवून देत असतील तर जरूर घ्या. पंधरा लिटरचा दोन किलोवॉटचा पुरतो. सोळा अँपिअरचा पॉइंट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. फक्त ‘यापुढे कोणतीही तक्रार नाही’ अशा कागदावर त्या बदल्यात सही करू नका. तोच गॅस गीझर ड्राय बाल्कनीत हलवण्याचा प्रस्ताव आला आणि बाल्कनीला सरकत्या काचा असतील, तर ती दुसरी बाथरूमच झाली.

सेक्रेटरींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. घराच्या आतल्या गीझरला सोसायटी जबाबदार नाही. बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडत असेल आणि डक्टचं तोंड सोसायटीनं पत्रा टाकून किंवा कबुतरांच्या जाळीवर कचरा साठू देऊन बंद केलं असेल, तर मात्र आहे. वर जाऊन बघून या, तोही फोटो घ्या. पण विंगमधली ती पाच-सहा घरं? त्यांच्या खिडक्याही थंडीत बंदच असणार, आणि ते हे पत्र वाचतीलच असं नाही. सोसायटीच्या बैठकीची वाट न बघता आज रात्रीच विंगच्या ग्रुपवर एवढं टाका, मालकाचं, प्लंबरचं किंवा कंपनीचं नाव न घेता:

‘बाथरूममध्ये गॅस गीझर असलेल्या सर्वांसाठी. शनिवारी आमच्या घरी गीझर चालू असताना दोघी जणी बेशुद्ध पडता पडता वाचल्या. जळक्या वायूची शंका डॉक्टरांनी बोलून दाखवली आहे. गीझर बाथरूमबाहेर हलेपर्यंत तो वापरू नका. तोवर पाणी स्वयंपाकघरात खिडकी उघडी ठेवून तापवा. अंघोळीला डोकं दुखतं, मळमळतं आणि बाहेर आल्यावर बरं वाटतं असं कुणाला होत असेल तर आजच डॉक्टरांना गॅस गीझरचं सांगा. ताबडतोबीची गरज पडल्यास रुग्णवाहिका १०८.’